सवलत कुठे संपते

आज दिवसभर महाभारताच्या कर्णपर्वातला तपस्वी कौशिक डोक्यातून जात नाही. कधीही खोटं बोलायचं नाही, हे त्याचं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसं रानात लपली. मागून आलेल्या दरोडेखोरांनी विचारलं आणि याने खरं ते सांगून टाकलं. ती सगळी मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. कृष्ण ही गोष्ट अर्जुनाला सांगतो, तेव्हा ‘गांडीव धनुष्य दुसऱ्याला दे म्हणेल त्याला मारीन’ या प्रतिज्ञेपायी अर्जुन सख्ख्या थोरल्या भावावर तलवार उपसून उभा असतो.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ साली याच पेचावर उलट निकाल दिला. खुनी मित्राच्या मागावर दाराशी आला तरी त्याच्याशी खोटं बोलू नये; कारण तुम्ही खोटं बोललात आणि मित्र तोवर बाहेर निसटून नेमका त्याच्याच हाती लागला, तर दोष तुमचा. मला हे पटत नाही. कौशिकाने स्वतःचं पुण्य राखलं आणि किंमत दुसऱ्यांनी मोजली. नियमाला चिकटून राहण्यातही इतका स्वार्थ असू शकतो!

पण ‘परिस्थितीच तशी होती’ या वाक्याचीही मला तितकीच भीती वाटते. ते कुणीही, कशासाठीही म्हणू शकतं.

म्हणून मला छांदोग्य उपनिषदातला उषस्ती ऋषी जवळचा वाटतो. कुरुदेशात पीक गेलेलं, खायला काही नाही. एकाच्या ताटातल्या उष्ट्या घुगऱ्या त्याने मागून खाल्ल्या. त्या माणसाने मग पाणी पुढे केलं, तर ‘ते उष्टं होईल’ म्हणून नाकारलं. घुगऱ्या उष्ट्या नव्हत्या का? त्या खाल्ल्या नसत्या तर जगलो नसतो, पाणी मला हवं तेव्हा मिळतं, असं त्याचं उत्तर. उपाशीपोटी इतका नेमका हिशेब ठेवणं मला फार मोठं वाटतं.

माझ्या एका मैत्रिणीने तिच्या वडिलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेआधी काका गेल्याची बातमी त्यांच्यापासून लपवली. योग्यच केलं. आता ते खडखडीत बरे आहेत, रोज फिरायला जातात, भावाला फोन लावून दे म्हणतात. ती अजून टाळते आहे. ‘बाबांना झेपणार नाही,’ म्हणते. मला वाटतं, आता झेपत नाहीये ते तिला. भावासाठी रडायचा त्यांचा हक्क अडवून ठेवायला काही कारण उरलेलं नाही, हे मी उद्या तिला सांगणार आहे.