आमची वाटचाल: बातमी आधी आमच्याकडून

बाटलीचं झाकण फिरवलं की तोंडावर चिकटलेली चकचकीत फॉईल दिसते, ती आम्ही बनवतो. पुठ्ठा, मेण, अ‍ॅल्युमिनियम आणि प्लास्टिकची पातळ फिल्म अशा थरांची चकती झाकणात बसवलेली असते. बाटली इंडक्शन मशीनखालून गेली की अ‍ॅल्युमिनियम तापतं, मेण वितळून पुठ्ठ्यात मुरतं आणि फिल्म बाटलीच्या तोंडाला धरून बसते.

कामावर नवीन आलेल्या प्रत्येकाला मी १९८२ सालची शिकागोची हकिकत सांगतो. टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड घातलं आणि सात जण दगावले. कारखान्यात काही घडलेलं नव्हतं, तरी ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सननं लोकांना उघडपणे सांगितलं की औषध घेऊ नका, आणि सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. पुढे तेच औषध आलं ते चिकटवलेली पेटी, मानेवरचं सील आणि तोंडावरची फॉईल घेऊन. नाव टिकलं ते आधी बोलल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

आमच्यावर तशी वेळ आली ती एका मोठ्या ग्राहकाच्या मालाला गळती लागली तेव्हा. भिजलेल्या खोक्यांचे फोटो आमच्या नावासकट व्यवसायातल्या ग्रुपवर फिरले. विक्री विभागातली मुलं ‘आमचा माल पास होऊनच गेलाय’ असं तिथल्या तिथे लिहायला निघाली होती. मी थांबवलं. बॅच नंबर घेतला, राखून ठेवलेले नमुने तपासायला काढले आणि ग्राहकाला लिहिलं: “गळती झाल्याचं कळलं. या बॅचचे नमुने तपासतो आहोत. कारण अजून समजलेलं नाही. उद्या दुपारी बारा वाजता फोन करतो, निष्कर्ष हाती आला नसला तरी.”

त्यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. माल अडकलेल्या माणसाला उत्तराइतकीच वेळेची खात्री हवी असते. बारा वाजता फोन गेला, आणि नमुने तपासणाऱ्या आमच्या तंत्रज्ञ बाईच बोलल्या, कारण विचारलं ते त्यांनाच सांगता येणार होतं. त्याच बॅचचा माल ज्या इतरांकडे गेला होता त्यांनाही आम्ही त्याच दिवशी कळवलं. ‘ज्यांना पत्ताच नाही त्यांना कशाला सांगायचं?’ असं आमच्यातल्याच काहींचं म्हणणं होतं. पण त्यांना ते ग्रुपवरून कळलं असतं, तर पुढची प्रत्येक चकती त्यांनी संशयानं पाहिली असती.

आमचे नमुने चांगले निघाले. ग्राहकाच्या लाइनवर झाकणं सैल बसत होती, त्यामुळे फिल्मला पुरेसा दाब मिळत नव्हता. आता ग्रुपवर हे जाहीर करू या, असा आग्रह झाला. मी नको म्हटलं. दुसऱ्याच्या लाइनवर काय बिघडलं ते चव्हाट्यावर मांडणं आपलं काम नव्हे. ग्राहकाला एवढंच विचारलं की, चकत्यांबद्दल तुम्ही दोन शब्द लिहाल का? त्यांनी लिहिलं.

तेव्हापासून फिल्मचा पुरवठादार बदलायचा असला तरी ऑर्डर निघण्याआधी ग्राहकाला पत्र जातं. एका खरेदी अधिकाऱ्यांनी अशा पत्रावर नव्यानं चाचण्या मागितल्या आणि ऑर्डर लांबली. आम्ही थांबलो, चाचण्या करून दिल्या आणि मगच माल पाठवला.