नाकानोतल्या काचेच्या कपाटासमोर

टोकियोतल्या अकिहाबारात, म्हणजे अ‍ॅनिमेच्या (जपानी कार्टूनच्या) चाहत्यांच्या बाजारात, दोन तासांत माझे कान किटले. इमारतभर उंचीच्या जाहिराती, मेड कॅफेची (जिथे मोलकरणीच्या वेशातल्या मुली वाढतात) पत्रकं वाटणाऱ्या मुली, नाणं टाकून खेळणं काढायच्या गाचापॉन यंत्रांच्या रांगाच रांगा. भाची मात्र हरखली होती. तिच्या ‘ओशी’चे, म्हणजे लाडक्या पात्राचे, अ‍ॅक्रिलिकचे पुतळे आणि बिल्ले घेण्यात तिने निम्मे पैसे उडवले. हल्ली तिकडे बिल्ल्यांनी मढवलेल्या बॅगा मिरवायची फॅशन आहे.

दुसरा दिवस माझा होता. शिंजुकूहून चुओ लाइनने पाचेक मिनिटांत नाकानो. स्टेशनासमोर सन मॉल नावाची छपराची बाजारपेठ, तिच्या टोकाला नाकानो ब्रॉडवे. इमारत १९६६ची, खाली दुकानं, वर राहती घरं. सरकता जिना पहिल्या मजल्यावरून थेट तिसऱ्यावर सोडतो, दुसरा हवा तर पायऱ्या उतरा! मांदाराके नावाचं जुन्या मांगांचं, म्हणजे जपानी चित्रकथांचं, छोटंसं दुकान १९८०मध्ये इथे सुरू झालं होतं. आता त्याची दुकानं इमारतभर पसरलीत: कुठे नुसत्या मांगा, कुठे पत्र्याची खेळणी, कुठे चाहत्यांनी स्वतः काढून छापलेल्या डोजिन्शी.

मला बघायचे होते सेल, म्हणजे अ‍ॅनिमेची हाताने रंगवलेली मूळ चित्रं. संगणक येण्याआधी अ‍ॅनिमेतली पात्रं पारदर्शक शीटवर रंगवत. रेषा पुढून, रंग मागून. त्यामुळे समोरून चित्र गुळगुळीत दिसतं आणि उलटं केलं की रंगाचे जाड थर, ब्रशचे फराटे, रेषेबाहेर गेलेला रंग, सगळं उघडं पडतं. कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक. टीव्हीच्या मालिकांत बरेचदा सेकंदाला आठच चित्रं वापरत, तरी एका भागाला ती हजारोंनी लागायची. चित्रीकरण झालं की यातलं बरंचसं कचऱ्यात जाई. नव्वदीच्या शेवटी रंगकाम संगणकावर गेलं. ‘साझाए-सान’ ही मालिका तेवढी २०१३पर्यंत सेलवर तग धरून होती. नवीन माल बंद, त्यामुळे त्या कचऱ्याला आज भाव आला. नामांकित पात्राच्या सेलची किंमत वाचून मी कपाटापासून दोन पावलं मागेच सरकले.

“मावशी, तुला कोणाचा हवाय?”

“मोगलीचा.”

तिला कळेना. १९९३मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी आम्ही जे बघायचो, ते निप्पॉन अ‍ॅनिमेशनचं १९८९चं जपानी काम होतं, हे तिला तिथेच सांगितलं. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता म्हटल्यावर ती हसत सुटली. मोगली काही मिळाला नाही. स्वस्तातल्या खोक्यात एका अनोळखी म्हाताऱ्याचा सेल सापडला. कुठल्या मालिकेतला, देव जाणे. हात वर करून तो कोणावर तरी ओरडतोय. घेऊन टाकला.

काउंटरवरच्या बाईंनी मोबाइलवर भाषांतर करून बजावलं: उन्हात ठेवू नका, दमट जागी तर मुळीच नको, रंग कागदाला चिकटतो. मी राहते चिपळूणला.

जाणार असाल तर दुपारी बारानंतर जा, त्याआधी बरीच शटर्स बंद असतात. आणि तळघरात आठ चवींच्या थरांचं सॉफ्ट आइस्क्रीम मिळतं. ते दोघांत एक घ्या, एकट्याला झेपत नाही.