सलग ७२ तास मायक्रोस्कोप मिळवताना: माझा अनुभव

पेशींचं रोजचं घड्याळ (म्हणजे पेशीच्या आत साधारण २४ तासांनी फिरणारी लय) आणि त्यांचं विभाजन यांचा मेळ बघायचा होता. उंदराच्या फायब्रोब्लास्ट (जोडऊतीतल्या) पेशी वाढवल्या, घड्याळाच्या जीनला चमकणारं प्रोटीन जोडलं, सगळं सुरळीत झालं.

अडलं ते बुकिंगच्या फॉर्मवर. आमच्याकडच्या इमेजिंग विभागाच्या फॉर्ममध्ये जास्तीत जास्त १२ तास टाकता यायचे. अहो, ज्या घड्याळाचा एक फेरा साधारण २४ तासांचा, ते १२ तासांत काय दिसणार? त्यात या पेशींना एका विभाजनापासून पुढच्या विभाजनापर्यंत जायलाही जवळपास दिवस लागतो, म्हणजे तीन दिवस तीच पेशी नजरेसमोर हवी, तरच कळणार की विभाजन ठराविक वेळेलाच येतंय की कधीही. मेल केले, जाऊन भेटले, उत्तर एकच, "सहा वेगवेगळे स्लॉट घ्या ना." डिश काढून परत ठेवली की हजारो पेशींतली तीच कशी शोधायची? शिवाय तापमान हललं, मीडियम (पेशींचं पोषक द्रव) बदललं की घड्याळाची फेजच, म्हणजे वेळच, सरकते. इतका संताप झाला होता ना!

शेवटी १२ तासांचाच एक रन केला आणि ग्राफ छापून नेला. चमक चढत चढत गेलेली आणि ऐन शिखराच्या आधी रेघ खलास. सोबत २००३ चा उंदराच्या यकृतावरचा पेपर, ज्यात घड्याळाच्या ताब्यातलं वी-वन (Wee1) प्रोटीन पेशीला विभाजनात शिरण्यापासून रोखून धरतं हे दाखवलंय. विभागाच्या मॅडमनी ग्राफ पाहिला आणि तिथल्या तिथे सही केली. हुश्श झालं अगदी.

सगळ्या पेशींची घड्याळं एका वेळेला आणायला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात, ते आधीच उरकून घ्या. पेशी दाट लावू नका, डिश भरली की विभाजनच थांबतं. प्रकाश कमीत कमी ठेवा, नाहीतर पेशी भाजून मरतात. आणि हो, फक्त घड्याळच विभाजनाला हाकतं असं धरून चालू नका, अशाच पेशींवर २०१४ मध्ये दिसलंय की विभाजनाचा वेगही घड्याळाला ओढतो, तेव्हा घड्याळाचा आणि विभाजनाचा, दोन्ही सिग्नल एकाच पेशीत रेकॉर्ड करा.

अर्ज मात्र पेशी लावायच्या कितीतरी आधी टाका, आणि "किमान सलग कालावधी" हे पहिल्याच ओळीत लिहा.