भाकरी नव्हे, लुगडं

ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे पेशंटला रोजची कामं पुन्हा जमवून देणं, शिकणारी पोरं पोस्टिंगला येतात. त्यांच्या फायली मी उलट्या वाचते. आधी गोल, म्हणजे उपचाराचं ध्येय, मग तपासणी. मागच्या मे महिन्यात एका मुलीने गोल लिहिला होता, ‘भाकरी थापणे’. पेशंट लातूर तालुक्यातली आजी, डाव्या अंगाचा लकवा, तिसरा महिना. बोटांचा टोन, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा, मॉडिफाइड अ‍ॅशवर्थ या मोजपट्टीवर १+, म्हणजे थोडाच वाढलेला. मी सही केली. मराठवाड्यातली आजी म्हटल्यावर भाकरी आलीच! आजीला कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही.

चार दिवस परातीत पीठ मळणं चाललं. आजी निमूट मळायची. पाचव्या दिवशी पोरगी म्हणाली, “मॅडम, आजी पाणीच पीत नाहीत.” एवढ्या उन्हाळ्यात! म्हटलं, का ते काढ शोधून.

तिने परात बाजूला ठेवली आणि नुसती शेजारी बसली. आजी बोलली, “लघवीला गेलं की लुगडं सुटतंय. निऱ्या एका हातानं बसंनात. सून रानातून येईस्तोवर काय करू? भाकऱ्या तीच करती की माय, मला कशाला शिकवायलीस?”

१९८३ साली अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट जोन रॉजर्स यांनी क्लिनिकल रीझनिंगवरच्या, म्हणजे उपचार ठरवतानाच्या विचारावरच्या व्याख्यानात, काय करता येईल आणि काय करायला हवं, हे प्रश्न वेगळे मांडले होते. आम्ही ते परीक्षेपुरतं पाठ केलं.

गोल बदलला, तरी गाडी अडलीच. आजी उभी राहिली की डावी मूठ गच्च मिटायची. पोरगी गोंधळली, “पण टोन तर १+ आहे!” कुठे बघितलास? झोपवून. उभं राहायच्या धडपडीत तो वाढतो, हे तिला वाचून माहीत होतं. हातात तेव्हा सापडलं. शिवलेल्या निऱ्यांचा तोडगा तिने सुचवला, तर आजी उखडली, “मी काय भावली हाय का?” मग खाटेच्या कडेला बसूनच निऱ्या घालायच्या ठरल्या. उजवा हात घड्या घालणार, डावा अंगठा नुसता चिमट्यासारखा दाबून धरणार. उभं राहायचं ते खोचण्यापुरतं, भिंतीला पाठ टेकून.

ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक संघटनेने विद्यार्थ्यांना किमान १००० तासांचं प्रत्यक्ष काम घालून दिलंय, त्यात परातीचे चार दिवसही धरले जातात. धरू देत.

पोस्टिंग संपेपर्यंत पाचातल्या तीन निऱ्या बसायला लागल्या. बाकीच्या सून खोचते. पाणी आजी पिते आता, पण सून घरात असली तरच.