अर्ध्या तासाच्या परिघात: लेखनसरावाचा चौथा महिना

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पाच हौशी लेखकांनी एकमेकांना एक नियम घालून दिला. आपल्या उंबऱ्यापासून पायी अर्ध्या तासात जिथे पोहोचता येते, पुढचे सहा महिने फक्त तिथल्याच गोष्टींवर लिहायचे. महिन्यातून दोन मजकूर एकमेकांना वाचायला द्यायचे, आणि वाचणाऱ्याने शुद्धलेखनाकडे वळण्याआधी लेखकाला एकच प्रश्न विचारायचा: यात तुम्ही स्वतः पाहिलेले काय आहे? ऑक्टोबर संपत आला आहे. ठरल्याप्रमाणे माझे आठ मजकूर व्हायला हवे होते. झाले आहेत चार पूर्ण लेख आणि तीन अर्धवट मसुदे. संख्येत मी मागे आहे, परंतु या चार लेखांइतके समाधान मला आधीच्या चार वर्षांच्या लेखनाने दिलेले नाही, म्हणून ही नोंद थोडी सविस्तर लिहीत आहे.

याआधी मी दीड वर्ष एका कादंबरीवर घालवले होते. ती हिमालयाच्या पायथ्याच्या एका गावात घडत होती, आणि त्या गावात मी सहलीच्या निमित्ताने तीन दिवस राहिले होते. साठ पानांनंतर ती थांबली. माझी नायिका सकाळी उठून चूल पेटवते असे मी लिहिले, आणि त्या चुलीवर मार्गशीर्षात काय शिजते, सरपण कोठून येते, शेजारीण तिला कोणत्या नावाने हाक मारते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला देता येईना. डोंगराचे वर्णन करता येत होते. माणसाला त्या डोंगरात राहायला लावता येत नव्हते.

मी वाईला राहते. घरापासून कृष्णेचा घाट सात मिनिटांवर आहे. लग्न होऊन या गावात आल्याला बावीस वर्षे झाली, त्यामुळे पहिला लेख ढोल्या गणपतीवर लिहायचा हे मी लगेच ठरवले आणि तो एका बैठकीत लिहूनही टाकला. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये हे मंदिर बांधले, मूर्ती अखंड पाषाणातली आहे, पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून मंदिराची मागची भिंत मत्स्याकार केली आहे, अशी सगळी माहिती त्यात व्यवस्थित होती. वाई हे मराठी विश्वकोशाचे गाव. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली ते काम इथे उभे राहिले, आणि नेमक्या, निःपक्षपाती नोंदीबद्दल या गावात एक आदर आहे. तो आदर माझ्याही मनात आहे. मात्र माझा लेख नकळत तशीच नोंद झाला होता, आणि नोंद लिहिण्यासाठी लागणारी विद्वत्ता माझ्याजवळ नव्हती.

आमच्या गटातल्या मिरजेच्या काकांनी तो वाचून लिहिले: "ताई, हे सारे मला मिरजेत बसूनही वाचायला मिळते. तुम्ही वाईत राहता, त्याचा या लेखाला काय उपयोग झाला?" हे शब्द मला दोन दिवस लागून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता वही घेऊन मी घाटावर गेले, आणि पुढचा महिनाभर जात राहिले. पावसाचे दिवस होते. धोम धरणातून पाणी सोडले की घाटाच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होतात. माझ्या वहीत २ ऑगस्टला सात पायऱ्या आहेत, ९ ऑगस्टला चार. रोज स्नानाला येणारे एक वयस्कर गृहस्थ माझे हे मोजणे बघत असत. एके दिवशी त्यांनी आपणहून सांगितले, "वहिनी, देवळाकडे मागून बघा. पुढून सगळेच बघतात."

बावीस वर्षांत मी त्या भिंतीकडे मागून, पाण्याच्या बाजूने, थांबून कधी पाहिले नव्हते. माझ्या लेखात 'मत्स्याकार' हा शब्द होता, पण तो मी वाचलेला होता. त्या सकाळी पाणी गढूळ आणि वेगाचे होते. वरून वाहत येणाऱ्या एका फांदीवर मी नजर ठेवली, आणि तेवढ्या वेळात कोणी बोलले असते तर मला ऐकू आले नसते. दगडी टोकाशी आलेले पाणी दोन्ही अंगांनी निसटून कसे जात असेल, हे त्या टोकाकडे बघताना मला प्रथमच अंगात जाणवले. ज्याने ही भिंत आखली, त्याने नदीशी भांडायचे नाही, तिला वाट द्यायची, असा विचार केला असला पाहिजे. आणि तो विचार करण्यासाठी तोही कधीतरी माझ्यासारखाच पावसाळ्यात इथे उभा राहिला असला पाहिजे. माझा दुसरा मसुदा या उभ्या माणसापासून सुरू झाला. बांधकामाचे साल त्यात एकदाच येते, तेही शेवटाकडे.

जवळचे असणे आणि माहीत असणे यांत किती अंतर असते, हे मला या एका भिंतीने दाखवले. जवळच्या गोष्टीबद्दल प्रश्न विचारायचा आपल्याला संकोच वाटतो, कारण इतकी वर्षे राहून हेही ठाऊक नाही का, असे कोणी म्हणेल ही भीती असते. माझा अनुभव उलटा आहे. मी विचारले तेव्हा प्रत्येक जण आनंदाने सांगायला बसला.

काकांच्या लेखनाची वाटचालही इथे सांगितली पाहिजे, कारण मला टोकणारा त्यांचा प्रश्न त्यांनी स्वतःवरही तितक्याच कठोरपणे लावला. त्यांच्या घराजवळ तंतुवाद्ये घडवणाऱ्या कारागिरांची वस्ती आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्यांचा पहिला मसुदा त्या अभिमानाने आणि थोर गवयांच्या नावांनी भरलेला होता. आम्ही चौघांनी त्यांना विचारले, की त्या गल्लीत दुपारी तीन वाजता काय ऐकू येते? ते आठवडाभर एका कारखान्याच्या ओट्यावर जाऊन बसले. पंढरपूरकडून येणारे भोपळे तिथे कसे वाळत टांगलेले असतात, कारागीर बोटाने टकटक करून भोपळ्याची जाडी कशी अजमावतो, आणि शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांतले हात एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे कसे वळले, हे सारे दुसऱ्या मसुद्यात आले. थोर गवयांची नावे गेली. गल्ली राहिली. मी तो मसुदा तीनदा वाचला, आणि तिसऱ्या वाचनानंतर माझ्या हळदीच्या लेखाला हात घालण्याचे धाडस मला झाले.

सगळ्यांना घाट किंवा सतारी लाभत नाहीत, हा आक्षेप आमच्या गटातल्या सर्वांत तरुण मैत्रिणीने पहिल्याच महिन्यात घेतला होता आणि तो रास्त होता. ती पुण्याच्या बाहेर एका नव्या वसाहतीत राहते. इमारती तिच्या नोकरीपेक्षाही अलीकडच्या. तिला आम्ही एवढेच सुचवले, की पहाटे साडेपाच ते सहा या वेळात सज्जात बसून जे ऐकू येते ते पाच ओळींत लिहून पाठव. तिने लिहिले: पाण्याचा टँकर मागे घेताना वाजणारा इशारा, नळी ओढताना फरशीवर होणारा घासल्याचा आवाज, आणि 'अजून थोडा मागे घे' म्हणणारा रखवालदार. त्या पाच ओळींचे आता अकरा पानांचे ललित झाले आहे. त्यात टँकरचा चालक आहे, त्याच्या फेऱ्यांची वही आहे, आणि पाणी कोणत्या विहिरीतून येते याचा तिने घेतलेला माग आहे. माझ्या मते आमच्या गटातले या चार महिन्यांतले ते सर्वांत उत्तम लेखन आहे.

माझे अर्धवट राहिलेले मसुदे थोडक्यात सांगते. कृष्णाबाईच्या उत्सवावरचा लेख मी आठवणीवर लिहायला घेतला होता. प्रत्येक घाटाचा उत्सव वेगळा, मांडव वेगळा, त्यामुळे आठवणी एकमेकींत मिसळल्या. तो माघापर्यंत बाजूला ठेवला आहे. मेणवलीच्या घंटेवर लिहायची फार इच्छा होती. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेनंतर आलेली ती घंटा आजही नदीकाठच्या देवळाशी टांगलेली आहे. पण मेणवलीला पायी अर्ध्या तासात पोहोचणे मला जमत नाही, आणि नियम मोडायचा नाही असे मी ठरवले आहे. तिसरा मसुदा बाजाराचा. त्यात बोली अजून माझीच येते, विक्रेत्यांची येत नाही.

सध्या मन आहे ते हळदीत. आमच्या गल्लीतल्या एका आजींचे माहेर हळद पिकवणाऱ्यांचे. अक्षय तृतीयेच्या सुमारास लावलेली हळद आता शेतात कमरेएवढी उभी आहे, आणि तिच्या रुंद पानांवरचे दव पाहायला मी आठवड्यातून दोनदा जाते. आजी मला शब्द देत आहेत. गड्डा वेगळा आणि हळकुंड वेगळे. हळद शिजवायची ती काहिलीत, चुलवाणावर, वरून तिचाच पाला झाकून. काडी हळकुंडात आरपार गेली की जाळ ओढून घ्यायचा. पहिल्या दिवशी मी हे भराभर लिहून घेत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "लिही नंतर गं. आधी वास आठवते तो ऐक." वास ऐकणे हे त्यांचेच शब्द, मी ते लेखात तसेच ठेवणार आहे.

त्यांच्या भाच्याच्या शेतावर आता काहील लागत नाही, हळद वाफेवर शिजते. तो वास तसाच येतो का, असे मी त्यांना विचारले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, की काहील गेल्यापासून त्या कधी तिकडे फिरकलेल्याच नाहीत. पाने सुकून हळद निघायला जानेवारी उजाडेल. आमच्या नियमाचे सहा महिने तोवर संपलेले असतील, पण शेत घरापासून वीस मिनिटांवर आहे, आणि भाच्याने शिजवण्याच्या आदल्या दिवशी निरोप धाडायचे कबूल केले आहे. आम्ही दोघी जाणार आहोत.