आमची वाटचाल : निलगिरीची रोपं, पानावरच्या गाठी आणि आम्ही दोघं

आमच्या नर्सरीत निलगिरीचं गुडघ्याच्या वर गेलेलं रोप विकायला मिळत नाही, आणि गिऱ्हाईक हटकून विचारतं की जरा मोठं दाखवा ना. नाही दाखवत. त्यामागे आमच्या धंद्याची निम्मी स्टोरी आहे, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

सुरुवात केली तेव्हा मी आणि बायको, दोघंच होतो. निलगिरी म्हटलं की लोकांना उंच सरळसोट झाड आणि तेलाची बाटली आठवते, पण आम्हाला हवी होती ती बुकेमध्ये घालतात ती चंदेरी गोल पानांची, म्हणजे सिनेरिया आणि गनी ह्या जाती. बी आणलं आणि पहिल्याच लॉटला तोंडावर आपटलो. निलगिरीचं बी एवढं बारीक असतं की फुंकर मारली तरी उडतं, आणि मी ते मिरचीच्या बियांसारखं बोटभर खोल पुरलं, मग कसलं उगवतंय. ते वर नुसतं भुरभुरायचं असतं, अंगावर वाळूचा पातळ थर पुरे. गनीचं बी ओलसर करून काही आठवडे फ्रीजमध्ये ठेवलं तर उगवण बरी होते, हे पण नंतर कळलं.

दुसरा फटका मोठा होता. रोप जितकं उंच तितका दाम जास्त असं साधं गणित करून आम्ही ती रोपं पिशवीतच दोन वर्षं वाढवली, डोक्याच्या वर गेली, फटाफट विकली पण गेली. मग एका जोराच्या वाऱ्यानंतर फोन यायला लागले की तुमचं झाड आडवं झालं. एकाच्या बागेत जाऊन बघितलं तर झाड मुळासकट उपटून पडलेलं, आणि मुळं कशी, तर पिशवीच्या आकाराचं गच्च वेटोळं, स्प्रिंगसारखं, जमिनीत लावून वर्ष झालं तरी एक मूळ धड बाहेर पडलेलं नव्हतं. पैसे परत केले सगळ्यांचे. त्या वर्षी काय उरलं ते विचारू नका. तेव्हापासून नियम केला की मुळं गोल फिरायच्या आत रोप जमिनीत गेलं पाहिजे. लहान रोप दोनेक वर्षांत मोठ्या रोपाला गाठतं, कधी मागे पण टाकतं, आणि काठीला आवळून बांधायची पण गरज पडत नाही, वाऱ्यात हललं की खोड आपोआप जाड होतं. हे सांगून सांगून तोंड दुखतं. निम्मे लोक तरी दुसरीकडून मोठं घेतातच.

आता किडीचं, ह्याने तर आम्हाला जवळजवळ बंदच पाडलं होतं. एकदा आमची रोपं कमी पडली म्हणून बाहेरून एक लॉट घेतला. आठवड्याभराने बायको म्हणाली, अहो, ह्या पानांच्या शिरा सुजल्यासारख्या नाही वाटत? मी म्हटलं पाणी जास्त झालं असेल. पाणी कसलं! पानाच्या मधल्या शिरेवर आणि देठावर ओळीने गाठी, आधी हिरव्या, मग गुलाबी, मग तपकिरी. एक गाठ ब्लेडने उघडली तर आत पांढरी बिनपायाची अळी, टाचणीच्या डोक्याहून लहान. ही निलगिरीची गाठमाशी, लेप्टोसायबी इन्व्हेसा, मूळ ऑस्ट्रेलियाची. 2000 च्या सुमारास ती भूमध्य समुद्राच्या बाजूला दिसली, तिला नाव मिळालं 2004 मध्ये, आणि तोपर्यंत ती रोपांबरोबर फिरत कुठल्या कुठे पोचली होती. मादी नराशिवाय पण अंडी घालते, म्हणजे एक आली तरी पुरे.

मी घाबरून सगळ्यावर फवारे मारले. एकदा, दोनदा, दर आठवड्याला. अळी गाठीच्या आत सुरक्षित, आणि बाहेर मेले ते आमचेच मित्रकीटक. त्यामुळे झालं काय, तर कोवळ्या शेंड्यांवर सिला नावाचे बारीक तुडतुड्यांसारखे किडे बेसुमार वाढले, पानं चिकट, चिकटावर काळी बुरशी, आणि फुलवाल्याने फांद्यांची अख्खी खेप परत पाठवली. त्यात मी हिरवंगार दिसावं म्हणून युरिया पण मारत होतो. नत्र जास्त झालं की कोवळी पालवी भसाभस येते आणि रस शोषणाऱ्या किड्यांचं फावतं, म्हणजे जेवण मीच वाढत होतो.

शेवटी फवारा ठेवला बाजूला. गाठी दिसल्या की शेंडा कापायचा, गाठीला गोल भोकं पडायच्या आत, कारण भोक पडलं म्हणजे माशी उडाली, आणि कापलेलं लगेच पिशवीत बांधून टाकायचं, कंपोस्टमध्ये नाही. सिला असेल तर पाइपच्या जोरदार पाण्याने पानं खालून धुवायची, फारच झालं तर साबणाचं पाणी. युरिया बंद. दोनेक हंगामांत लेडीबर्ड परत आले. गाठमाशीवर ऑस्ट्रेलियातूनच आणलेल्या बारीक परोपजीवी माश्या काही देशांत सोडल्यात, त्या गाठीतल्या अळीवर जगतात, पण आपण फवारत बसलो तर त्याही मरणार ना.

मोठ्या झाडाला खोडकिडा लागतो, लांब मिशांचा भुंगा असतो, पण त्याला तहानलेलं झाड लागतं. सालीत ओल भरपूर असेल तर बारीक अळ्या आतच मरतात. म्हणून दुष्काळात रोज शिंपडण्यापेक्षा कधीतरी पण खोलवर पाणी द्यायचं, आणि निलगिरीची ताजी तोडलेली लाकडं झाडाजवळ रचून ठेवायची नाहीत, त्या वासावर भुंगे येतात. नवीन लावलेल्या रोपाला पहिली एक-दोन वर्षं वाळवीचा धोका असतो, बुंध्याजवळची माती अधूनमधून उकरून बघायची.

गोल पानांबद्दल एक राहिलं. ती निलगिरीची लहानपणची पानं, बऱ्याच जातींत झाड वयात आलं की पानं लांब कोयत्यासारखी होतात आणि मग लोक म्हणतात तुम्ही फसवलंत. दरवर्षी खालपर्यंत छाटलं की परत गोल पानांचे फुटवे येतात, आमचा फांद्यांचा सगळा धंदा ह्या एका कात्रीवर चाललाय. छाटायची नसेल तर घराच्या भिंतीपासून लांब लावा, हे आम्ही बिल करायच्या आधी विचारतो, आणि जागा कमी असेल तर रोप देत नाही.

बाहेरून रोपं घेणं पूर्ण बंद नाही झालं, पण आलेला लॉट आधी महिनाभर वेगळ्या शेडमध्ये राहतो, आणि शिरा बघायचं काम बायकोचं. मागच्या लॉटमधली अकरा रोपं तिने बाजूला काढली, मला त्यातल्या तीनवर गाठ दिसलीच नाही. अकराही जाळली.