करारातल्या एका ओळीवर अडलेली सही

कोयना धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावावर कादंबरी लिहिण्यास मला पाच वर्षे लागली. प्रकाशकाने ती स्वीकारली, मानधनाचे एका बैठकीत ठरले, आणि नंतर सात आठवडे सारे काही करारातल्या एका ओळीपाशी अडून राहिले : ‘सदर लेखन संपूर्णतः स्वतंत्र असून त्यावर अन्य कोणत्याही साहित्यकृतीचा प्रभाव नाही.’

लेखन चालू असताना मी इतरांच्या कादंबऱ्या वाचत नाही, कारण दुसऱ्याच्या वाक्यांची लय दोन दिवसांत माझ्या परिच्छेदात उतरते. त्या काळात मी सातारा जिल्ह्याचे १८८५ सालचे गॅझेटिअर, ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपानंतरची वृत्तपत्रे आणि विस्थापित कुटुंबांनी जपलेल्या नोटिसा वाचत होते. परंतु त्याआधी तीस वर्षे जे वाचले, ते कुठे जाणार? प्रभाव नाही असे लिहून देणे म्हणजे मी कधी काही वाचलेच नाही असे लिहून देणे होते. मी हे समजावण्यासाठी चार वेळा कार्यालयात गेले आणि चारही वेळा मला सांगण्यात आले की मसुदा छापील आहे, सगळे लेखक सही करतात, तुम्हालाच कसली शंका येते? या प्रश्नातला संशय मला आजही बोचतो.

शंका मात्र मलाही होती. म्हणून मी हस्तलिखित माझ्या जुन्या वाचनवह्यांशी ताडून पाहिले आणि कौले उतरवलेल्या घराला मी दिलेली उपमा महाविद्यालयात असताना उतरवून घेतलेल्या एका वाक्यातली निघाली. ती माझीच आहे असे मी पाच वर्षे मानत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

वाचनवहीत पुस्तकाचे नाव, तारीख आणि उतारा लिहून ठेवावा, हे मी नवोदितांना आवर्जून सांगेन. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. ती करायची असल्यास साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये असते आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. त्या अर्जात कृती मूळ आहे, भाषांतर आहे की रूपांतर, एवढेच विचारलेले आहे. प्रभावाचा तिथे प्रश्नच नाही. कल्पना, विषय किंवा ऐतिहासिक घटना यांवर कोणाचा कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली स्पष्ट केले आहे. हे दोन्ही मुद्दे मी शेवटी पत्राने लेखी कळवले. तेच पहिल्या दिवशी करायला हवे होते, कारण तोंडी बोलण्याची कोणी नोंद ठेवत नाही.

सातव्या आठवड्यात ती ओळ बदलली : ‘अन्य कृतीतील मजकूर परवानगीवाचून घेतलेला नाही.’ त्याखाली मी समाधानाने सही केली. उपमा मी काढून टाकली आहे; त्या जागी आता ‘कौले उतरवली’ एवढेच दोन शब्द आहेत.